दुर्मीळ रोग, नित्याची निकड

हजारांत एखाद्यालाच होणारा रोग हा समाजाचा प्रश्न होऊ शकत नाही, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. साथीचे रोग, मधुमेह, हृदयविकार यांकडे शासनाने लक्ष पुरवावे आणि दुर्मीळ व्याधीचे ज्याच्या वाट्याला आले त्याने ते प्रारब्ध समजून सोसावे, असाच एकंदर व्यवहार दिसतो. परंतु दुर्मीळ हा शब्द आकडेवारीतला आहे. ज्या घरात असा रोगी असतो, त्या घराला तो रोग अहोरात्र पुरून उरतो. हिमोफिलिया हे याचे बोलके उदाहरण होय. या रोगाचे कारण वैद्यकशास्त्राला माहीत आहे, निदान अवघड राहिलेले नाही आणि औषधही उपलब्ध आहे. असे असूनही तरुण मुले कुबड्या घेऊन चालताना दिसत असतील, तर उणीव विज्ञानात नसून व्यवस्थेत आहे, हे मान्य करावे लागेल.

रक्त गोठण्यासाठी अनेक घटकांची साखळी लागते. त्यांपैकी आठव्या घटकाची उणीव असली म्हणजे ‘अ’ प्रकारचा आणि नवव्या घटकाची असली म्हणजे ‘ब’ प्रकारचा हिमोफिलिया होतो. हा घटक रक्तात एक टक्क्याहूनही कमी असेल तर रोग तीव्र समजला जातो. अशा रोग्याला जखम झाली की तो क्षणात रक्त सांडून दगावतो, ही लोकांची कल्पना खरी नव्हे. खरा घात होतो तो आतल्या आत. गुडघा, घोटा, कोपर या सांध्यांत काही कारण नसतानाही रक्त झिरपते, सांधा सुजतो, पुन्हा पुन्हा तेच घडून त्यातील कूर्चा झिजते आणि ऐन उमेदीच्या वयात माणूस पंगू होतो. डोक्यात झालेला रक्तस्राव तर प्राणावरच बेततो.

निदानाची वाट चुकते ती पहिल्याच पायरीवर. मूल रांगू लागताच अंगावर काळेनिळे डाग उठतात, कान टोचल्यावर किंवा दात पडल्यावर रक्त थांबत नाही, सुजलेला गुडघा संधिवाताचा म्हणून शेकला जातो. कोणी दृष्ट काढतो, कोणी देवाला कौल लावतो. देवावर श्रद्धा असण्यात गैर काही नाही. मात्र त्यापायी तपासणी लांबणीवर पडता कामा नये. डॉक्टरच्या मनात शंकाच आली नाही, तर ताप उतरवण्यासाठी दिलेले स्नायूतले इंजेक्शन किंवा वेदनेसाठी दिलेली ॲस्पिरिनची गोळीही अपाय करते. वास्तविक रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजणाऱ्या साध्या चाचणीवरून संशय येतो आणि घटकाचे प्रमाण मोजले की निदान पक्के होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला ही शंका सुचली पाहिजे, एवढीच पहिली मागणी आहे.

हा रोग आईकडून मुलाकडे येतो. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने वाहक आई बहुधा धडधाकट दिसते आणि मामाचे दुखणे भाच्यात प्रकट होते. एवढ्या आधारावर सासरी सुनेला दोष देणारी घरे आजही आहेत. सुमारे एक-तृतीयांश रोग्यांच्या घराण्यात या रोगाचा पूर्वेतिहासच नसतो, हे त्यांना कोण सांगणार? शिवाय वाहक स्त्रीच्या रक्तातही हा घटक कमी असू शकतो आणि प्रसूतीच्या वेळी तिच्याच जिवाला धोका उद्भवतो. म्हणून रोग्याच्या आईची, बहिणीची, मावशीची तपासणी हा निदानाचाच भाग मानला पाहिजे. सोयरिकीच्या भीतीने ती दडवणे म्हणजे पुढच्या पिढीला अंधारात ढकलणे होय.

उपचारांचा इतिहास आशादायक आहे, तसा सावध करणाराही आहे. गोठवलेले रक्तद्रव सावकाश वितळवले असता तळाशी राहणाऱ्या साक्यात आठवा घटक विपुल असतो, हे ज्युडिथ पूल यांनी १९६४ साली दाखवून दिले आणि रोग्यांचे आयुष्य पालटले. पुढे अनेकांच्या रक्तद्रवापासून बनवलेल्या औषधांतून १९८०च्या दशकात पाश्चात्त्य देशांतील हजारो रोग्यांना एड्सच्या विषाणूची बाधा झाली. १९९२ साली प्रयोगशाळेत घडवलेला आठवा घटक अमेरिकेत मान्य झाला. २०१७ साली त्वचेखाली टोचण्याचे एमिसिझुमॅब हे औषध आले. ते आठवड्याने, पंधरवड्याने किंवा चार आठवड्यांनी घेतले तरी चालते.

प्रश्न आहे तो औषध केव्हा द्यायचे याचा. सांधा सुजल्यावर द्यायचे, की सुजूच नये म्हणून नियमित द्यायचे? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात लहान मुलांचे दोन गट करण्यात आले होते. वयाच्या सहाव्या वर्षी नियमित घटक मिळालेल्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे चांगले आढळले. रक्तस्रावानंतर घटक मिळालेल्यांत हे प्रमाण ५५ टक्केच होते. आपल्याकडे अद्याप बऱ्याच ठिकाणी दुसरीच पद्धत चालते. आठव्या घटकाचा प्रभाव सुमारे बारा तासांत निम्म्यावर येतो, तेव्हा महिना-महिना साठा संपलेला ठेवून नंतर भरपूर देण्याला उपचार म्हणता येत नाही.

गोव्यापुरता हिशेब करून पाहा. ‘अ’ प्रकार साधारणपणे पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्यात सात लाखांहून अधिक पुरुष होते. ठोकताळ्याने ही संख्या दीडशेच्या घरात जाते. दीडशे माणसांची नावनिशीवार नोंद ठेवणे एवढ्याशा राज्याला जड जाऊ नये. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या टोकाच्या गावातून सुजलेल्या गुडघ्याचे मूल घेऊन बांबोळी गाठेपर्यंत मोलाचे तास निघून जातात. म्हणून घटकाचा साठा तालुक्याच्या ठिकाणी, आणि जमेल तेथे रोग्याच्या घरच्या शीतपेटीत असला पाहिजे. सांध्यांसाठी व्यायामतज्ज्ञ, दातांची निगा आणि औषधाविरुद्ध शरीरात प्रतिद्रव्ये तयार झाली आहेत काय याची ठरावीक काळाने तपासणी, हीही त्याच व्यवस्थेची अंगे होत. तीव्र ‘अ’ प्रकाराच्या शंभर रोग्यांपैकी पंचवीस-तीस जणांत अशी प्रतिद्रव्ये निर्माण होतात आणि मग नेहमीचे औषध निकामी ठरते.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला. एकूण दुर्मीळ रोगांसाठी २०२१ साली राष्ट्रीय धोरण आले आणि २०२२ साली मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. परंतु आयुष्यभर औषध लागणाऱ्या रोग्याला एकरकमी मदत कुठवर पुरणार? रक्कम संपली म्हणून रोग संपत नाही. जनुकोपचाराची आशाही खोटी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पाच रोग्यांवर केलेल्या अशा उपचाराचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. मात्र तो उपचार सर्वांच्या आवाक्यात येईपर्यंत आजच्या मुलांचे सांधे वाट पाहत थांबणार नाहीत.

शासनाकडून अपेक्षा तीनच: प्रत्येक रोग्याची नोंद, घराजवळ अखंड औषध आणि पहिल्या डॉक्टरला पुरेसे प्रशिक्षण. समाजाकडून अपेक्षा त्याहून सोपी आहे. शिक्षकांनी या मुलाला खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसवू नये. हाणामारीच्या खेळांऐवजी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पोहणे त्याला मानवते आणि किनाऱ्यावरच्या मुलांना ते काही नवे नाही. शेजाऱ्यांनी त्याच्या आईला बोल लावू नये. दीडशे घरांची हाक मतपेटीतून कधी ऐकू येणार नाही. ती सदसद्विवेकालाच ऐकू यावी लागते. राज्याच्या आरोग्यसेवेची खरी कसोटी अशा थोडक्यांच्या दारातच लागत असते.