शिकवले, पण निवडू देणार कधी?

आज २० जुलै. १९४२ साली याच तारखेला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. आदल्या दोन दिवसांत याच शहरात दलित वर्गाची परिषद होऊन शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापण्याचा निर्णय झाला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची नेमणूक नुकतीच जाहीर झालेली होती. महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या, असे सांगितले जाते. समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. मुलांना शिकवा, ती कमावती होईपर्यंत त्यांच्या गळ्यात लग्न बांधू नका, लेकरांची रांग लावू नका, हेही बजावले. लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची दासी होऊ नये, त्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, हा त्या भाषणाचा कळस होता.

भाषणाची आठवण दरवर्षी निघते. परिषदेचे ठराव मात्र विस्मरणात गेले. गिरणीत राबणाऱ्या बायांना भरपगारी रजा द्या, म्हातारपणी पेन्शन द्या, अशा मागण्या त्यात होत्या. त्यांच्याच मांडीला मांडी लावून आणखी दोन मागण्या होत्या: बायकोला कायद्याने काडीमोड घेता यावा आणि एकीच्या उरावर दुसरी आणण्याची पुरुषाची मुभा बंद व्हावी. कष्टकरी जातींमध्ये काडीमोड आणि पाट पूर्वापार होतेच. पण तो निवाडा जातपंचायतीच्या हातात होता. बाईला तो स्वतःच्या हातात हवा होता. मजुरी आणि संसार हे दोन वेगळे विषय आहेत, असे त्या बायांना वाटले नाही. पगार हातात नसेल तर घरात बरोबरी मागता येत नाही आणि घरात बरोबरी नसेल तर पगारही हातात राहत नाही, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

ही समज आकाशातून पडली नव्हती. जाईबाई चौधरींनी नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि पुढे त्यांनी इंदोऱ्यात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात झाले, तेव्हा याच जाईबाईंना जेवणाच्या पंगतीत वेगळे बसवले गेले. त्याच्या निषेधाची सभा बायांनी नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी घेतली. पुरुषांनी आखलेल्या चौकटीत आणि सवर्ण भगिनींच्या पंगतीत, दोन्हीकडे आपल्याला जागा नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःचा मांडव घातला.

त्या मांडवात आईचे बोट धरून आलेली दहा वर्षांची पोर आज नव्वदीपार असेल. इंदोरा, पाचपावली, बेझनबाग अशा वस्त्यांतल्या काही घरांत चार पिढ्यांच्या बाया आजही एका छताखाली, नाहीतर निदान एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडतील. त्यांची वये मांडली की कायद्याचा इतिहास आपोआप उभा राहतो. थोरली लहान होती तेव्हा शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ होते, तेही कागदावर. तिच्या लेकीचे हात पिवळे झाले तेव्हा कायदा १५ ला तयार होता. १८ ची अट १९७८ साली आली. घटस्फोटाचा हक्क आणि एकपत्नीत्वाचे बंधन १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दिले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. ज्यांनी हे सारे हिंदू कोड बिलातून एकत्र आणायचे ठरवले होते, त्या बाबासाहेबांना १९५१ साली मंत्रिपद सोडावे लागले होते. नातीच्या वेळेपर्यंत, १९९४ साली, महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला. देशाने तो २००५ मध्ये दिला. आणि पणती? ती हिंजवडीत, नाहीतर मिहानमध्ये नोकरीला आहे. तिच्या वाट्याला आलेला कायदा तिच्या पणजीला स्वप्नातही दिसला नसता.

मग अडते कुठे? या घरांनी पोरींना शिकवण्यात हात आखडता घेतला नाही. विड्या वळून, गिरणीत उभे राहून, दुसऱ्यांची धुणीभांडी करून आयांनी फिया भरल्या. पण पदवीचा कागद घरी आला की दुसऱ्या दिवसापासून एकच वाक्य सुरू होते: “पोरगी शिकली, आता पोरगा पाहा लागते.” हे वाक्य नागपुरात कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या घरात ऐकू येते. पाहणारे घर असते, पोरगी नसते. बायोडाटावर तिचे शिक्षण ठळक अक्षरांत असते; त्याखाली जात, पोटजात, मामाचे कूळ. तिने स्वतःच पाहिलेला मुलगा समोर आणला की आतापर्यंत तिच्या बाजूने लढलेल्या आजी आणि आई दाराशी आडव्या उभ्या राहतात.

त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पोरीने मनाने लग्न केले की बोल बापाला लागत नाहीत. आईनेच लाडावून ठेवली, आजीनेच डोक्यावर बसवली, असे सगळा गोतावळा म्हणतो. तिच्या निवडीची किंमत घरातल्या थोरल्या बायांकडून वसूल होते, म्हणून पहारा द्यायला त्याच पुढे असतात. पुढे हक्कसोडपत्राची वेळ येते. भावाच्या नावे सही करून एक लुगडे घेऊन परतणाऱ्या बहिणी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ज्या मुलीने मनासारखे लग्न केले, तिच्याकडून ती सही मागतानाही कोणाची जीभ अडखळत नाही. घराशी तिचा संबंध उरला नाही, असे आधीच ठरलेले असते. निवडीचा हक्क आणि हिश्शाचा हक्क असे एकाच सहीत जातात.

नागपूरनेच याची एक वेगळी बाजू पाहिली आहे. कुमुद सोमकुवर संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या. एका दलित मुलीने संस्कृत शिकावे याचे कौतुक झाले, पण नोकरी मिळेना. मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला, आडनाव बदलले आणि मग सरकारी महाविद्यालयाचे दार उघडले. ‘अंतःस्फोट’ या पुस्तकात हे लिहिताना त्यांनी यशाचे श्रेय कुमुद सोमकुवरला मिळाले नाही, याची सल लपवली नाही. २०२३ मध्ये त्या गेल्या. प्रेमाने जात ओलांडता येते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसले. त्यातच हेही दिसले की बाईची विद्वत्ता मोजतानाही व्यवस्था तिच्या नवऱ्याची जात तपासते. अशा विवाहांना शासन अनुदान देते, पण अनुदानाने हा हिशेब मिटत नाही.

शासनाचेही एक पाऊल पुढे आणि एक मागे असते. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराची, कुळाची वा पंचायतीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष हवेत असे सांगितले. तरी १९५४ चा विशेष विवाह कायदा महिनाभराची जाहीर नोटीस मागतोच. घरातून निघालेल्या मुलीचे नाव आणि पत्ता कार्यालयाच्या भिंतीवर लावणे म्हणजे तिला शोधणाऱ्यांच्या हाती ठिकाणा देणे. डिसेंबर २०२२ मध्ये तर महाराष्ट्राने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समितीच नेमली. टीका झाल्यावर तिचा आवाका आंतरधर्मीय विवाहांपुरता ठेवला. महिनाभराच्या नोटिशीची अट काढावी आणि ती समिती गुंडाळावी, एवढे तरी १९४२ च्या ठरावांची आठवण काढणाऱ्या पुढाऱ्यांनी आज मागावे.

आणखी एक गोष्ट या चर्चेत सुटते. घरात प्रेमाचा विषय निघाला की सगळ्यांचे डोळे विशीतल्या पोरीकडे वळतात. पण त्याच घरात पन्नाशीची एक बाई असते. नवरा गेलेला असतो किंवा तिने त्याला सोडलेले असते. तिला कोणाची सोबत हवी असेल, हा विचार पोरीलाही पटकन सुचत नाही. “आता या वयात?” हा प्रश्न तीही विचारते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची आणि कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर त्याचे कौतुक झाले. कुंकू राहिले, हे चांगलेच झाले. ते पुन्हा कोणासाठी लावायचे, हे तिचे तिने ठरवावे, हा ठराव अजून कोणत्या घराने केला आहे?

म्हणून आजच्या दिवशी केवळ मुलींच्या नावाने संदेश देऊन भागणार नाही. आईला पोरीच्या निवडीवर विश्वास टाकावा लागेल, तसा पोरीला आईच्या एकटेपणाचा विचार करावा लागेल. आणि बाप, भाऊ, मामा यांना हे मान्य करावे लागेल की घरातल्या बाईने कोणाबरोबर राहायचे, हा बैठक बसवून निकाली काढायचा प्रश्न नाही. नवऱ्याबरोबर बरोबरीने उभे राहा, असे बाबासाहेबांनी सांगितले, ते लग्न झालेल्या मुलीला. पण ज्या मुलीने नवराच स्वतः निवडला नाही, तिने बरोबरीची सुरुवात करायची कुठून? ती सुरुवात माहेरातच व्हायला हवी, आणि ती करून देण्याचे काम माहेरच्यांचे आहे.