हसा, पण कोणावर हसता ते पाहा



'सिनेमा म्हणजे चार घटकांची करमणूक. त्यात विचार कसला करावयाचा?' असे आपल्यातीलच काही शिकलेली मंडळी म्हणतात. हा भ्रम आहे, आणि तो नांदेड-लातूरकडील नवदीक्षित घरांना परवडणारा नाही. टॉकीजमधून असो वा हातातल्या मोबाइलवरून, चित्र आता प्रत्येक घरात येते.

उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' हा २०११ सालचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला उपहासपट घ्या. केशा ह्या भोळ्या तरुणाला गाय राखताना दत्ताचा भास होतो. गावात दवाखान्याची योजना असते. ती मागे पडते आणि देऊळ उभे राहते. हे कसे घडते? आधी भास, मग वर्तमानपत्रातील बातमी, मग गर्दी. आणि शेवटी ती गर्दी हाच पुरावा! पुढाऱ्याला मते मिळतात, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळते, आजाऱ्याला मात्र औषध मिळत नाही. प्रचाराचा कारखाना कसा चालतो, हे ह्याहून स्पष्ट कोण सांगणार? दत्त म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश यांचे एकत्रित रूप. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पहिलीच प्रतिज्ञा ह्या तिघांना देव न मानण्याची आहे, हे आपण विसरलात काय?

परंतु एवढ्यावर समाधान मानू नका. चित्रपटाच्या शेवटी केशा मूर्ती नदीत सोडतो, आणि गाव दुसरी मूर्ती बसविते. प्रेक्षकांचेही असेच होते. 'धंदा वाईट, श्रद्धा चांगली' असे म्हणत तो हसतो आणि येत्या गुरुवारी पुन्हा रांगेत उभा राहतो. इटलीचे अंतोनियो ग्राम्शी यांनी फॅसिस्टांच्या तुरुंगात लिहून ठेवले की, सत्ता केवळ लाठीने टिकत नाही. ती दबलेल्यांच्या संमतीने टिकते. उपहासालाही गिळून पचविण्याची शक्ती अशा सत्तेत असते. देवळाचा बाजार झाला म्हणून हळहळणे निराळे, आणि त्या देवळाच्या पायरीवर पिढ्यान्‌पिढ्या कोणाला उभे राहू दिले नाही, हे विचारणे निराळे. हा दुसरा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

जमैकात जन्मलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दाखवून दिले की, एकाच चित्राचे वाचन तीन प्रकारे होते. कोणी ते जसेच्या तसे स्वीकारतो, कोणी अर्धेमुर्धे, आणि कोणी स्वतःच्या अनुभवाच्या कसोटीवर ते नाकारतो. तिसरा वाचक होणे हे आपले कर्तव्य आहे.

कारण हास्याचे शस्त्र आपल्यावरही चालले आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यात आपली घरे पेटली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नामांतराच्या त्या दीर्घ वादात 'पीठ' आणि 'विद्यापीठ' यांचे यमक जुळवून आपल्या दारिद्र्याची टर उडविण्यात आली. ते ऐकून हसणारे सारेच काही आग लावणारे नव्हते. परंतु ज्याच्यावर हसता येते, त्याचे घर जळताना स्वस्थ बसणे सोपे जाते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या हसण्याचा हिशेब मात्र कोणी दिला नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फॅन्ड्री'त डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबाला सारे गाव हसते, आणि अखेरीस जब्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो, तो उगाच नव्हे!

मग कसोटी कोठून आणावी? ती आपल्या घरीच आहे. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून वा ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून, हितकर दिसेल तेच स्वीकारा. म्हणून चित्र पाहून घरी आलात की मुलांना जवळ बसवा आणि विचारा: हे कोणी सांगितले? त्यात लाभ कोणाचा? हसलो तो कोणावर? आणि आपला माणूस त्यात होता तरी कोठे?

ज्या घरात हे चार प्रश्न विचारले जातात, तेथे दुसरी मूर्ती बसत नाही.

जय भीम!