गोळीची आठवण करून देणारा मेसेज: कुणाला उपयोगी, कुणाला अडचणीचा?

एचआयव्हीचा उपचार आता बहुतेक रुग्णांसाठी रोज एका गोळीवर आला आहे. टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत असतात. सरकारी एआरटी केंद्रात ती मोफत मिळते. ही मोफत योजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आणि पहिल्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. औषध आहे, ते परिणामकारक आहे, पैसेही लागत नाहीत. अवघड आहे ते रोज घेणं. म्हणूनच मोबाइलवर आठवणीचा मेसेज पाठवण्याची कल्पना पुढे आली.

माझा दवाखाना गिरगावात, खोताच्या वाडीजवळ आहे. एआरटी मी देत नाही. त्यासाठी रुग्ण जे. जे. किंवा नायरला जातात. पण ताप-खोकला, पाळीच्या तक्रारी घेऊन त्याच मुली माझ्याकडे येतात. बोलता बोलता गोळ्यांचा विषय निघतो आणि घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, मोबाइलवर रोज मेसेज लावून दिला तर नियमित घेईल ना?" याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही.

रोजची गोळी इतकी महत्त्वाची का?

एचआयव्हीचा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. औषध त्याची वाढ थांबवतं. वारंवार खंड पडला, तर रक्तातली औषधाची पातळी घसरते, विषाणू पुन्हा वाढतो आणि त्या औषधाला दाद न देणारे विषाणू टिकून राहू शकतात. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी एकापेक्षा जास्त चुकल्या, तर नियमितपणा ९५ टक्क्यांच्या खाली जातो.

याची दुसरी बाजू फार आशादायक आहे. नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणात बाळाला होणारा धोकाही अतिशय कमी होतो. लग्न आणि मूल यांचा विचार करणाऱ्या तरुणीसाठी ही माहिती औषधाइतकीच मोलाची आहे.

मेसेजचे प्रयोग काय सांगतात?

केनियातला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५३८ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून एकदा परिचारिकेकडून "कशी आहेस?" अशा अर्थाचा छोटा मेसेज जाई. "ठीक आहे" किंवा "अडचण आहे" असं उत्तर ४८ तासांत द्यायचं होतं. अडचण कळवणाऱ्यांना किंवा उत्तर न देणाऱ्यांना परिचारिका फोन करत. मेसेज मिळालेल्या गटात ६२ टक्के रुग्णांनी औषध नियमित घेतलं, दुसऱ्या गटात ५० टक्क्यांनी. विषाणू आटोक्यात असण्याचं प्रमाणही ५७ आणि ४८ टक्के असं होतं.

आपल्या देशातला अभ्यास २०१४ चा आहे. दक्षिण भारतातल्या तीन केंद्रांत नव्याने औषध सुरू केलेले ६३१ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना दर आठवड्याला संगणकाने केलेला आवाजी कॉल आणि एक चित्ररूप मेसेज जात होता. सुमारे दोन वर्षांनी पाहिलं, तर दोन्ही गटांत उपचार अपयशी ठरण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. कॉलचा फायदा दिसला नाही.

तिसरा अभ्यास युगांडाच्या कंपाला शहरातला, १५ ते २२ वर्षं वयाच्या मुलामुलींवरचा. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नुसता मेसेज, काहींना उत्तर देता येईल असा मेसेज. वर्षभरानंतर दोन्हींचा उपयोग झाल्याचं दिसलं नाही.

हे तीन देश वेगळे, रुग्ण वेगळे, पद्धतीही वेगळ्या. त्यामुळे एका अभ्यासाने दुसरा खोटा ठरत नाही. पण नुसत्या मेसेजवर विसंबून चालणार नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

विसरणं वेगळं, लपवणं वेगळं

माझ्या मते मुद्दा इथे आहे. मेसेज हा विसरण्यावरचा उपाय आहे. गोळी चुकवणारी प्रत्येक मुलगी विसरलेली नसते.

चाळीतली एक खोली, त्यात पाच-सहा माणसं, एकच कपाट. तिथे रात्री नऊ वाजता बाटली काढून गोळी घ्यायची आणि "कसली गोळी?" या प्रश्नाला रोज नवं उत्तर द्यायचं. सासरी सांगितलेलं नसेल तर आणखी कठीण. गणपतीला आठ दिवस कोकणात घरभर पाहुणे असतील तर पिशवीतून बाटली बाहेरच येत नाही. अशा मुलीला गोळीची वेळ चांगली आठवत असते. तिला आडोसा मिळत नाही.

जन्मापासून बाधित असलेल्या आणि आता विशीत आलेल्या मुलींचं आणखी वेगळं. लहानपणापासून औषध घेऊन त्या कंटाळलेल्या असतात. "मला काही होत नाही, मग का घेऊ?" हा प्रश्न मेसेजने सुटत नाही, त्यासाठी बोलावं लागतं.

लपवणाऱ्या मुलीला मेसेज उलट अडचणीत आणू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इतरांचा फोन नवऱ्याचा, भावाचा किंवा घरातला एकच. "औषध घेतलंत का?" हे वाक्य सासूच्या समोर स्क्रीनवर उमटलं, तर पुढचे प्रश्न कुठवर जातील ते सांगायला नको.

मेसेज हवाच असेल तर

- आधी तुमच्या केंद्रातल्या समुपदेशकांना विचारा: माझा कोणता नंबर नोंदवला आहे? तो फोन कोण कोण पाहतं, हेही सांगा. लग्नानंतर नंबर बदलला तर लगेच कळवा. नको असेल तर "मला मेसेज पाठवू नका" असं स्पष्ट सांगा.
- आजाराचं, औषधाचं किंवा रुग्णालयाचं नाव मेसेजमध्ये नसावं. फोनमधला अलार्म असेल तर त्याला "पाणी भरणे" असं काहीही नाव द्या.
- लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं सेटिंगमधून बंद करता येतं.
- गोळीची वेळ घराच्या सोयीने निवडा. रात्रीच घ्यायला हवी असं नाही. सकाळी कामावर पोचल्यावर घेता येत असेल तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.
- गावी जायच्या आधी गोळ्या मोजा, कमी पडणार असतील तर आधीच घ्या. ओळखीचं कुणी दिसेल या भीतीने केंद्रात जाणं टाळत असाल, तर दुसऱ्या केंद्रात नाव हलवता येतं.

गोळी चुकली तर

रोज एक गोळी असेल, तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. लोह, कॅल्शियम किंवा पित्तावरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. त्यांतली काही डोल्युटेग्राविरचं शोषण कमी करतात. बऱ्याच गोळ्या चुकल्या असतील तरी केंद्रात जायला घाबरू नका. खरं सांगितलं, तरच व्हायरल लोडच्या अहवालाचा अर्थ नीट लावता येतो.

घरच्यांना

"घेतलीस का?" हे रोज विचारणं म्हणजे पहाराच. त्याऐवजी एकदा शांतपणे "घ्यायला कधी अडचण होते?" असं विचारा. उत्तर ऐकून कपाटाचा एक कप्पा तिच्यासाठी मोकळा करून दिलात, तर तो शंभर मेसेजपेक्षा उपयोगी पडेल.

आणि तिच्या परवानगीशिवाय तिच्या आजाराबद्दल कुणालाही सांगू नका. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेला संरक्षण दिलं आहे, आणि नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभाव करायला मनाई केली आहे.

कुणाशी बोलावं हे कळत नसेल, तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. हा फोन स्वतःच्या मोबाइलवरून करा, आणि फोन घरात सगळ्यांचा असेल तर नंतर तो नंबर यादीतून काढून टाका.