दुसरं टोपण

बारा दिवस मी रोज रात्री इन्सुलिन घेत होतो आणि त्यातला एक थेंबही अंगात जात नव्हता. हे सांगायला लाज वाटते, कारण मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तरीही सांगतो. न सांगण्यामुळेच तर ही वेळ आली.

गेल्या पावसाळ्यात माझं वजन सात किलोनं उतरलं. मोहल्ल्यातले लोक म्हणायचे, "सर, रिटायर झाल्यावर तब्येत कमावली." इकडे तहान भागत नव्हती आणि रात्री चार-पाच वेळा उठावं लागत होतं. शेवटी तपासणी केली. उपाशीपोटी साखर २८६ आणि एचबीएवनसी ११.४ निघाली. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही चाचणी ६.५ किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह धरतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांसोबत सध्या इन्सुलिन लागेल, रात्री दहा युनिट. चिठ्ठी हातात आली. बाहेर चाळीसेक माणसं खोळंबली होती, त्यामुळे मीही जास्त विचारलं नाही.

मेडिकलवाल्या पोरानं पेन आणि सुयांचं खोकं काढून दिलं. "इथे नंबर लावायचा, इथे दाबायचं, बस." अर्ध्या मिनिटात शिकवणी संपली. खोक्यातला कागद इंग्रजीत होता आणि अक्षरं मुंगीएवढी.

घरी सुई पेनाला लावली, वरचं मोठं टोपण काढलं, आकडा दहावर आणला, पोटाला टेकवून दाबलं. अजिबात दुखलं नाही. दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, "अल्लाहचा शुक्र, उगीच घाबरत होतो आपण." कातडी जरा ओली झाली होती, ती मी रुमालानं पुसली.

साखर हलेना. फोन केला, डॉक्टरांनी दहाचे चौदा केले. तरी हलेना, मग अठरा. माझंच शरीर हट्टी आहे असं मला वाटायला लागलं.

बाराव्या दिवशी जालन्याहून फुफी आल्या. पंच्याहत्तरीच्या आहेत. रात्री मी पेन काढलं तेव्हा त्या पलंगावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "आतलं टोपण काढलंस का?"

"कुठलं आतलं?"

त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि सुईवरचं दुसरं, बारीक टोपण ओढून काढलं. आत केसाएवढी सुई होती. बारा दिवसांत मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. पेनातलं इन्सुलिन रोज त्या टोपणात सांडत होतं आणि मी ते रुमालानं पुसत होतो.

"फुफी, तुम्हाला हे कसं माहीत?"

त्या उठल्या, दार लोटलं आणि आपल्या बॅगेतून हातरुमालात गुंडाळलेलं पेन काढलं. नऊ वर्षं झाली होती त्यांना. मुलाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनेलाही नाही.

त्याच रात्री डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अठरा घेऊ नका. पुन्हा दहापासून सुरू करू." कारण उघड होतं. अठराचा आकडा इन्सुलिन अंगात जात नसताना ठरला होता. तेवढं सगळं एकदम आत गेलं असतं तर साखर धाडकन उतरली असती. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर बेशुद्धी. आपली चूक आपल्याच हातून चुपचाप सुधारली गेली असती तरी ती जिवावर बेतू शकली असती.

पुढे कळलं की हा माझा एकट्याचा वेडेपणा नव्हता. अमेरिकेतसुद्धा लोकांकडून आतलं टोपण काढायचं राहून जातं आणि तिथल्या औषध-सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी त्याबद्दल इशारे दिलेले आहेत. पण माझ्या मनात फुफीच घोळत राहिल्या. नान-खलियात हळद किती आणि केव्हा घालायची हे मी त्यांच्याकडून शिकलो. जनाजाच्या वेळी काय करायचं हेही. नऊ वर्षं जे त्या रोज करत होत्या, तेवढं मात्र त्यांनी शिकवलं नाही, कारण ते लपवायचं होतं.

२०२३ साली जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत. म्हणजे आमच्या रोशन गेटच्या एका गल्लीतही पाच-दहा तरी असणारच. तरी इन्सुलिन प्रत्येक जण नव्यानं, एकटा, दार लावून शिकतो. मुलींची लग्नं व्हायची असतात, "त्यांच्या खानदानात शुगर आहे" असं कुणी म्हणू नये असं वाटतं. त्यात "सुई लागली म्हणजे शेवट आला" ही समजूत. ती आली कुठून हेही बघितलं पाहिजे. आपण सुई टाळत टाळत इतका उशीर करतो की तोवर मूत्रपिंड किंवा पाय गेलेला असतो. मग इन्सुलिन सुरू होतं, माणूस वर्षभरात जातो आणि दोष इन्सुलिनवर येतो.

खरं तर इन्सुलिन आपल्याच शरीरात तयार होतं. कमी पडलं की बाहेरून घ्यायचं, त्यात सवय लागण्यासारखं काही नाही. काहींना ते आयुष्यभर लागतं, माझ्यासारख्या काहींचं साखर आटोक्यात आल्यावर डॉक्टर कमी किंवा बंदही करतात. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवली जात. शोधकर्त्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. ज्या औषधाला त्यांनी किंमत लावली नाही, त्याची आपण लाज बाळगतो.

दबक्या आवाजात विचारला जाणारा आणखी एक प्रश्न: "हे डुकराचं असतं ना?" एके काळी होतं. गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून ते काढत, म्हणजे अडचण हिंदू आणि मुसलमान दोघांचीही होती. १९८२ मध्ये जिवाणूंकरवी बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि तो मार्ग मागे पडला. २००३ मध्ये वोक्हार्टनं 'वोसुलिन' आणलं, ते यीस्टपासून, आणि त्यांचं बायोटेक पार्क आहे आपल्या वाळूजच्या एमआयडीसीत. ज्या वाळूजला आमच्या मोहल्ल्यातली पोरं शिफ्टला जातात, तिथे इन्सुलिनची गोष्ट पोहोचून वीस वर्षं उलटली. आमच्या बैठकीत ती अजून पोहोचलेली नाही.

रोजाचंही तसंच. जेद्दा इथल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं १९९७ मध्येच स्पष्ट केलं आहे की औषधाच्या इंजेक्शनानं रोजा तुटत नाही. बोटातून रक्त काढून साखर तपासली तरी तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. तरी लोक रमजानात सुई बंद करतात आणि रोजे धरतात. रोजा ठेवायचा की नाही, डोस किती, सहरीला काय, इफ्तारला काय, हे रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे बसून ठरवायचं असतं. आणि रोजात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा. आजाऱ्याला सवलत कुराणानं दिली आहे. ती नाकारून आपण जास्त दीनदार होत नाही.

आता जे मला अर्ध्या मिनिटात कुणी सांगितलं नाही, ते लिहून ठेवतो. सुईला दोन टोपणं असतात, दोन्ही काढायची. नवी सुई लावली की आधी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का बघायचं. थेंब आला नाही तर टोचायचं नाही. टोचल्यावर आकडा शून्यावर आला तरी दहापर्यंत मोजायचं, मगच सुई बाहेर काढायची. जागा रोज बदलायची, नाहीतर कातडीखाली गाठ होते आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही. दुधाळ इन्सुलिन असेल तर आधी पेन तळहातांत फिरवून आणि वर-खाली करून सारखं करायचं. आपलं पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, सुई बदलूनसुद्धा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पेन अडकलं तर त्यातलं औषध घरातल्या जुन्या सिरिंजमध्ये ओढू नका. आपल्याकडच्या बाटलीत बहुधा एका मिलीला ४० युनिट असतात, पेनात १००. चाळीसच्या सिरिंजनं पेनातलं औषध घेतलं तर दहाच्या खुणेला पंचवीस युनिट अंगात जातात. साखर उतरल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

न उघडलेली पेनं फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. चालू पेन बाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण खोली थंड हवी. मे महिन्यात आपल्या शहरात पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिज नसेल तर डबीत घालून ओल्या माठात ठेवतात, त्यानं बराच फरक पडतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून झाकण लावून वेगळ्या द्या. उघड्या टाकलेल्या आपल्या सुईवर कचरा उचलणाऱ्या बाईचा हात पडतो. आपली लाज झाकायला तिनं का टोचून घ्यावं?

घाटीच्या ओपीडीत मराठवाडाभरातून येणारी गर्दी पाहिली की डॉक्टरांना घटकाभर बसून शिकवा असं म्हणवत नाही. पण पेन देताना कुणीतरी, नर्स असो वा फार्मासिस्ट, पहिली सुई रुग्णाकडून आपल्यासमोर लावून घ्यावी, एवढं मागणं फार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. माझे बारा दिवस तेवढ्यात वाचले असते. मराठीत आणि उर्दूत चित्रांचा एक कागद खोक्यात असावा, हेही मागायला हवं. पण तो कागद येईपर्यंत आपल्याकडे फुफी आहेत. प्रत्येक घरात एखादी आहे, रुमालात पेन गुंडाळून बसलेली.

आमच्या फुफी जालन्याला परतल्या त्याच्या आठवडाभरानं त्यांच्या सुनेचा मला फोन आला. "भाईजान, अम्मींचं पेन आता फ्रिजच्या दारात असतं. कसं लावायचं ते मला त्यांनी शिकवलं." त्या आजारी पडल्या तर आता घरात कुणीतरी आहे ज्याला हे येतं.

तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, मला दाखवा. आणि घेणारे तुम्हीच असाल तर दार लावू नका.