बियाण्याचं फूल

दसऱ्याचं तोरण वाळलं की त्यातला झेंडू चुरगाळून कुंडीत टाकायचा आणि पुढच्या पावसात रोपांची वाट बघायची, हे घुग्घुसच्या बहुतेक घरांत चालतं. कधी चार रोपं उगवतात, कधी एकही नाही. मग बियाणं खराब निघालं म्हणून आपण दुकानातून पाकीट आणतो. खरं म्हणजे तोरणाच्या फुलात बी पुरतं भरलेलंच नसतं.

झेंडूचं एक फूल म्हणजे शेकडो बारीक फुलांचा गुच्छ. पाकळीच्या बुडाशी बी धरतं, तेही मधमाशीने पराग आणला तर. टवटवीत असतानाच फूल तोडलं की आतलं बी कोवळं राहतं आणि वाळल्यावर पोचट होतं. बी हवं असेल तर फूल झाडावरच सुकू द्यावं लागतं. पाकळ्या तपकिरी होतात, मग देठही हिरवेपणा सोडतो, तेव्हा ते काढायचं. असं बोंड हातावर उकललं की बारीक सुयांची जुडीच मोकळी होते. प्रत्येक सुई खालून काळी, वरून फिकट गवती. काळा भाग ताठ आणि भरीव लागला तर ते पेरायचं. बोटांत धरताच वाकणारं बी टाकून द्यायचं.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या बहरातलं सगळ्यात देखणं फूल बियाण्याला सोडावं. आपण नेमकं उलट करतो. चांगली फुलं देवाला आणि हाराला जातात, बियाण्याच्या वाट्याला हंगाम संपतानाची खुरटी फुलं येतात. आपल्याकडचे जुने शेतकरी ज्वारीचं भरदार कणीस आधी बाजूला काढत आणि मगच खळं करत. त्या घरांतल्या बाया अंगणातल्या झेंडूलाही तोच नियम लावत. "त्या फुलाले हात नको लावू, ते बियाचं हाय," हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही पूजेची परडी घेऊन निघालो की आधी ते एक फूल नजरेने शोधतो.

हे बी पेरायची वेळ आपल्याकडे पहिला पाऊस मुरल्यावर, जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. मेच्या उन्हात इथे वाफा नुसता भाजून निघतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे कोवळी रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. म्हणून जुन्या घमेल्याला खाली भोकं पाडावीत, मातीत रेती आणि चाळलेलं शेणखत मिसळावं, बी आडवं टाकून वर मातीचा पातळ थर द्यावा. आठवडाभरात कोंब दिसतात. महिन्याभराने रोप जमिनीत लावावं आणि नवी पानं फुटून ते जोमाला लागलं की शेंडा खुडावा. शेंडा खुडताना जीव कासावीस होतो, पण त्याशिवाय फारशा फांद्या फुटत नाहीत. फूल थोडं उशिरा येतं, पण भरपूर येतं. पावसाळ्यातला झेंडू उंच वाढून लोळतो, तेव्हा काठीचा आधार आधीच द्यावा.

घुग्घुसमध्ये आणखी एक काम करावं लागतं, ते म्हणजे पानं धुणं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तीत चंद्रपूर होतं आणि त्यात आपलं गावही धरलं होतं. कोळशाचे ट्रक गेले की अंगणातल्या प्रत्येक पानावर काळा थर बसतो. पावसाळ्यात तो आपोआप उतरतो. पाऊस गेल्यावर मात्र सकाळी पानांच्या खालून-वरून पाणी मारावं, म्हणजे कोरड्या हवेत येणारा लाल कोळीही आटोक्यात राहतो. एवढ्या धुळीत हे झाड ज्या जोमाने फुलतं, त्याचं मला फार कौतुक आहे. ते मुळात मेक्सिकोचं. तिथेही नोव्हेंबरच्या सुरुवातीला पूर्वजांच्या सणाला याच फुलांनी वेदी सजवतात. आपल्याकडे दसरा, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचा 16 ऑक्टोबरचा धम्मचक्र सोहळा आणि दिवाळी हे तिन्ही झेंडूचे दिवस.

पाकिटातल्या संकरित वाणाचं बी धरण्यात अर्थ नाही. पुढची झाडं मूळ झाडासारखी येत नाहीत. देशी किंवा सुधारित सरळ वाण घ्यावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे असेच वाण आहेत. नारंगी आणि पिवळा शेजारी लावले तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. रंग शुद्ध हवा असेल तर एका अंगणात एकच लावावा आणि दुसरा शेजाऱ्यांकडून मागून आणावा. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधावं, पुडीवर रंग आणि वर्ष लिहावं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहून बुरशी धरते. पुढच्याच पावसात ते पेरून टाकावं, जुनं होईल तसं कमी उगवतं.

यंदा ज्यांच्या दारी देशी झेंडू कळ्यांवर आला आहे, त्यांनी तोडणीच्या आधीच दोन निरोगी झाडं हेरून त्यांना सुतळी बांधावी. पहाटे फुलं तोडायला येणाऱ्या शेजाऱ्यांना ती सुतळी दाखवून ठेवावी आणि बी निघालं की त्यातलं चिमूटभर त्यांनाही द्यावं.