पट किती ते कळते, पटावर कोण ते नाही

पुण्यात शाळाप्रवेश म्हटले की चर्चा ठरलेली: नामवंत शाळांची फी, आरटीईची सोडत, घरापासूनचे अंतर. या गदारोळात महापालिकेच्याच इमारतींत स्वयंसेवी संस्था चालवतात त्या बिनफीच्या इंग्रजी शाळा फारशा कोणाला आठवत नाहीत. आकांक्षा फाउंडेशनने अशी पहिली शाळा २००७ मध्ये पुण्यातच, के. सी. ठाकरे विद्यानिकेतनात सुरू केली. इमारत पालिकेची, कारभार संस्थेचा, असा करार. सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या अमेरिकेतल्या चार्टर शाळांची ही पुणेरी आवृत्ती. तिकडचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला.

समर्थक या शाळांचे निकाल दाखवतात, विरोधक खासगीकरणाची भीती घालतात. वर्गात बसलेय कोण, हे दोघेही विचारत नाहीत.

पट मोजायची आपल्याला सवय आहे, पण ती मुलांपेक्षा शिक्षकांच्या पदांपायी. शाळेला किती शिक्षक मिळणार ती संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरत आली. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्याचे प्रमाण. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’. मग पट फुगवण्याची विद्या इतकी बहरली, की ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारासारखी पोरांच्या बोटाला शाई लावली गेली! पुढे विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणारे ‘सरल’ आले, आधार जोडणी आली. मोजणी सुधारली, प्रश्न मात्र ‘किती’ यावरच अडून राहिला.

देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायसमध्ये मुलगा-मुलगी, सामाजिक प्रवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग असे रकाने आहेत. चांगलेच आहे. पण बाणेरची साइट संपली आणि बिगारी बापाने बिऱ्हाड वाघोलीला हलवले, की त्याची सहावीतली पोर कुठे गेली, हे रकान्यांच्या बेरजेतून दिसत नाही. आई धुणीभांड्याला जाते म्हणून धाकट्याला सांभाळायला घरी बसलेली मुलगी महिनोन्‌महिने पटावर असते, वर्गात नसते. आणि सहावी ते आठवीच्या याच टप्प्यावर गळती वाढू लागते. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण एका छत्राखाली आणले, तरी कित्येक शाळा सातवीलाच संपतात. पुढे नवी शाळा, नवा दाखला, नवी पायपीट.

समजा, पाचवीत ४० मुले होती आणि आठवीत २८ उरली. या २८ जणांच्या गुणांवरून शाळेची पाठ थोपटणे सोपे आहे. बारा जण गेले म्हणून तिला झोडपणेही तितकेच सोपे. त्यांतले आठ जण गावी परतून तिथल्या शाळेत बसले असतील, तर शाळेचा दोष काय? आणि बाराही जण अभ्यासात मागे पडलेलेच असतील, तर तो निकाल कसला?

महापालिकेने म्हणूनच तिच्या इमारतींत शाळा चालवणाऱ्या संस्थांकडून तुकडीनिहाय हिशेब मागावा: पाचवीत किती आले, त्यातले आठवीपर्यंत किती टिकले, मुली किती, स्थलांतरित कुटुंबांतले किती, गेलेल्यांपैकी किती जणांचा दाखला दुसऱ्या शाळेत पोचला. मुलांची नावे नकोत, आकडे पुरेत. ते शाळेच्या फलकावर मराठीत लावावेत, आणि पालिकेच्या स्वतःच्या शाळांनाही हाच नियम असावा. हा एक कागद जोडलेला नसेल, तर करार वाढवण्याच्या फाइलवर शिक्षण विभागाने सही करू नये.