तीन हजारांचा दस्तक

1717 साली मोगल बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. बंगालमध्ये वर्षाला 3000 रुपये भरा आणि जकातीविना व्यापार करा. सुरतेसाठी हाच आकडा 10,000 होता. 15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास मिळू लागला. एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते, आणि तेव्हाची किंमत 3000 रुपये. आकडा जुळला हा योगायोग. माणसांची वागणूक जुळली, तिला मात्र योगायोग म्हणता येणार नाही.

कंपनीचा दस्तक, म्हणजे जकातमाफीचा परवाना, कंपनीच्या मालापुरता होता. कंपनीच्या नोकरांनी आधी त्यावर स्वतःचा माल काढला आणि पुढे तोच कागद देशी व्यापाऱ्यांना विकायला सुरुवात केली. चौकीवरच्या शिपायासमोर कागद खरा असे, बोटीतला माल भलत्याचाच असे. अखेर 1763 मध्ये बंगालचा नवाब मीर कासिमने वैतागून सगळ्यांचीच जकात उठवली. त्यातून पेटलेले भांडण 1764 मध्ये बक्सारच्या रणांगणावर गेले.

हे सगळे दूर बंगालात घडले असे उपनगरातल्या वाचकाने समजू नये. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तिथे 1739 पर्यंत पोर्तुगीज होते आणि ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे जाणाऱ्या मालावर ते कर घेत. इंग्रज त्याबद्दल सतत कुरकुरत. समुद्रात पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ चाले. त्यात जहाज कोणते, तांडेल कोण, शस्त्रे किती आणि जाणार कुठे, हे सगळे लिहिलेले असे. एक जहाज, एक परवाना. कान्होजी आंग्रे यांचे इंग्रजांशी वाजले, त्यातही कोणते जहाज आणि कोणता माल खरोखर कंपनीचा, हा प्रश्न होताच.

फास्टॅगची अडचण नेमकी बंगालच्या चौकीवरच्या त्या शिपायाचीच आहे. टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या लहरी पडल्या की तो आपला क्रमांक सांगतो, बस्स. तो कुठल्या काचेवर आहे, की ड्रायव्हरच्या हातात, हे त्याला ठाऊक नसते. गाडीचा नंबर आणि वर्ग दूरच्या नोंदीत असतात. म्हणून मोटारीचा टॅग टेम्पोतून दाखवला तर यंत्र मोटारीचा दर कापू शकते. फरक पकडायला नाक्यावर वाहनाचा वर्ग ओळखणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागते. ती अडली की रांग अडते, आणि रांगेत मागे उभा असलेला माणूस टॅगवाल्याला नव्हे, टोलवाल्याला शिव्या घालतो.

घरात दोन मोटारी आणि टॅग एकच, यात कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हमखास ऐकू येतो. दर सारखाच, पैसेही भरले. पण वार्षिक पास आला आणि हा बचाव संपला. 200 फेऱ्यांची सवलत एका गाडीला दिलेली आहे, कुटुंबाला नाही. शिवाय चोरी किंवा अपघाताच्या तपासात पोलीस टोलच्या नोंदी पाहतात. तिथे खानिवड्याच्या टोलनाक्यावरून गेली एक गाडी आणि नोंद दुसरीची, हा घोळ निस्तरताना मालकाचीच दमछाक होईल.

महामार्ग प्राधिकरणाने जानेवारी 2024 मध्ये ‘एक वाहन, एक फास्टॅग’ जाहीर केले. मुदत 31 जानेवारीची होती, ती आधी फेब्रुवारी आणि मग मार्चअखेरपर्यंत लांबली, कारण मध्येच फास्टॅग देणाऱ्या पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले. जुलै 2024 मध्ये काचेवर टॅग न लावणाऱ्यांना दुप्पट टोल आणि जुलै 2025 मध्ये हातात धरलेले सुटे टॅग काळ्या यादीत. कार्ताझपासून हाच शिरस्ता आहे. परवाना भटकू लागला की सत्ता तो वस्तूला आणखी घट्ट बांधते.

बांधावेच. टोल गाडीच्या वर्गाप्रमाणे ठरतो, खिशाप्रमाणे नव्हे. ट्रकने रस्ता जितका झिजतो तितका मोटारीने झिजत नाही, आणि ट्रकवाल्याने मोटारीचा टॅग वापरला की त्याचा भुर्दंड प्रामाणिक ट्रकवाल्यावर पडतो.

तरीही एक गोष्ट सरकारला ऐकवलीच पाहिजे. लोक टोल चुकवतात, कारण टोलवर त्यांचा विश्वास नाही. मुंबईत रस्ते विकास महामंडळाने बांधलेल्या 55 उड्डाणपुलांचा खर्च काढायचा म्हणून दहिसर, मुलुंड, ऐरोली, आनंदनगर आणि वाशी इथे वर्षानुवर्षे वसुली झाली. उपनगरवासी विचारत राहिले की किती जमले आणि किती उरले. गळी उतरेल असा हिशेब त्यांना मिळाला नाही, आंदोलने मात्र झाली. मग 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, हलक्या वाहनांचा टोल उठला. तेव्हा मोटारीला 45 रुपये लागत. मीर कासिमने निदान सगळ्यांची जकात उठवली होती. इथे ट्रक भरतच राहिले.

दोन गाड्या असतील तर दोन टॅग घ्या, आणि दोन्ही एकाच खात्याला जोडून द्या असे बँकेला सांगा. तशी सोय आहे. सरकारकडे मागणी एकच: टॅगमुळे प्रत्येक वाहनाची नोंद आता क्षणात होते, तर पाचही नाक्यांवर आजवर किती जमले आणि किती बाकी आहे, हे फलकावर रोज लिहा.